बारा ते चौदा वर्षांच्या मुलीसाठी वाढदिवसाची भेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१२ ते १४ वर्षांच्या मुलीसाठी भेट निवडताना नेहमी जिथे अडायला होतं, ते प्रश्न इथे घेतले आहेत. मुलगी तुमची लेक असो, भाची-पुतणी असो किंवा मुलीच्या वर्गातली मैत्रीण असो, आमचं सांगणं एकच आहे: एकच वस्तू घ्या, पण पूर्ण द्या. खोक्यातून काढल्यावर त्याच संध्याकाळी ती वापरता आली पाहिजे.

काहीच सुचत नाहीये. सुरुवात कुठून करायची?

"तिला काय आवडतं?" असं विचारलं की "चित्रकला", "गाणी" अशी एका शब्दाची उत्तरं मिळतात आणि तेवढ्यावर काही विकत घेता येत नाही. त्याऐवजी तिच्या आईवडिलांना तीन नेमक्या गोष्टी विचारा. कोणी न सांगता ती मोकळ्या वेळात काय करत बसते? गेल्या दोन-तीन महिन्यांत तिची कुठली वस्तू वापरून संपली, झिजली किंवा मोडली? आणि त्या प्रकारातलं घरात आधीच काय पडलं आहे?

दुसरा प्रश्न सगळ्यात कामाचा आहे. भरलेली वही, बोटभर उरलेल्या पेन्सिली, एका कानाने बंद पडलेले इअरफोन यांवरून खरी आवड कळते. कपाटात न उघडलेला संच असेल, तर तो नाद तिने सोडला आहे किंवा तो कधी तिचा नव्हताच. त्यात भर घालू नका.

वस्तू ठरली की तिच्याकडे आत्ता जे आहे त्याच्या एकच पायरी वरचं घ्या. साध्या रंगपेटीने रंगवणाऱ्या मुलीला चांगला कागद आणि जरा बरे बारा रंग मिळाले की ती लगेच रंगवायला बसते. एकदम अठ्ठेचाळीस भारी रंग दिले तर ते खराब होतील या धास्तीने ती पेटीला हातच लावत नाही.

"पूर्ण भेट" म्हणजे नेमकं काय?

फिल्मशिवाय कॅमेरा, ट्यूनरशिवाय (सूर जुळवायच्या यंत्राशिवाय) युकुलेली म्हणजे गिटारसारखं छोटं वाद्य, कागदाशिवाय जलरंग, मनगटाच्या गार्डशिवाय स्केट्स, अडॅप्टरशिवाय दिव्यांची माळ या सगळ्या अर्ध्या भेटी झाल्या. पाकीट उघडल्यावर "आता हे आणायला हवं" असं मोठ्यांना म्हणावं लागलं की ती वस्तू बाजूला पडते, कारण या वयात तिच्या हातात ना पैसे असतात ना एकटीने दुकानात जाण्याची मोकळीक.

म्हणून बजेट आधी दोन भागांत तोडा. साधारण दोन तृतीयांश मुख्य वस्तूला आणि एक तृतीयांश तिच्यासोबत लागणाऱ्या सामानाला. तेवढ्यात बसत नसेल तर मुख्य वस्तू एका पायरीने खाली आणा, पण सोबतचं सामान कापू नका. बॅटरी लागत असेल तर खोक्यावर आकार पाहून सोबत द्या. चार्ज होणारी वस्तू असेल आणि खोकं सीलबंद नसेल, तर आदल्या दिवशी चार्ज करून ठेवा.

बाराव्या आणि चौदाव्या वर्षात एवढा फरक असतो का?

असतो, आणि एकाच मुलीत सहा महिन्यांतही पडतो. बाराव्या वर्षी बऱ्याच मुली घरात अजून बाहुल्यांशी खेळतात, पण मैत्रिणींसमोर ते कबूल करत नाहीत. त्यामुळे सगळ्यांदेखत उघडल्या जाणाऱ्या भेटीत लहान मुलांचं काही नको. खोक्यावर "८+" छापलेलं असेल तर आतली वस्तू कितीही छान असली तरी ते चौदा वर्षांच्या मुलीच्या मनाला लागतं.

शंका असेल तेव्हा मुलांच्या किटऐवजी मोठ्यांचं साधं, खरं साधन घ्या. किटमधले रंग फिके असतात, कात्री कापत नाही, सुई जाड असते. काम नीट झालं नाही की मुलगी दोष स्वतःला देते. "मुलींसाठी" म्हणून केवळ गुलाबी केलेली वस्तूही टाळा. तिला गुलाबी आवडत असेल तर गोष्ट वेगळी.

तिला चित्रकला आवडते. रंग कुठले घ्यावेत?

आधी ती कशाने चित्रं काढते ते पाहा, कारण प्रत्येक माध्यमाच्या अडचणी निराळ्या आहेत.

जलरंगात रंगांपेक्षा कागद महत्त्वाचा. साध्या वहीचा कागद फार तर १०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) असतो. पाणी लागलं की तो फुगतो, खळगे पडतात, रंग तिथे साचतो आणि वाळल्यावर डाग दिसतात. ३०० जीएसएमचा, किंचित खरबरीत पृष्ठभागाचा जलरंगाचा कागद ए५ किंवा ए४ आकाराच्या पॅडमध्ये घ्या. त्यासोबत विद्यार्थी दर्जाच्या १२ वड्यांची पेटी आणि दोन गोल ब्रश, ६ आणि १० नंबरचे, एवढं पुरतं. ब्रश घेताना तो ओला करून झटकून पाहता आला तर पाहा: टोक आपोआप जुळून आलं पाहिजे. रंगांची संख्या वाढवण्यापेक्षा तेच पैसे कागदात घाला.

अल्कोहोल मार्कर हवे असतील तर मिश्र १२ रंगांच्या संचाने निराशा होते. या मार्करची गंमत एका रंगातून दुसऱ्यात अलगद उतरण्यात असते आणि त्यासाठी एकाच रंगाच्या फिक्या, मध्यम आणि गडद अशा तीन छटा लागतात. १२ मिश्र रंगांत त्या नसतातच. त्वचेच्या छटांचा किंवा एका रंगकुटुंबाचा ६ ते १२ पेनांचा संच जास्त कामाचा. सोबत रंग एकमेकांत मिसळायला मदत करणारा बेरंगी ब्लेंडर पेन आणि मार्करचं पॅड द्या. साध्या कागदातून शाई आरपार जाऊन टेबलाला लागते. वासही तीव्र असतो, तेव्हा खिडकी उघडी ठेवायला सांगा आणि मार्कर आडवे ठेवायला सांगा. उभे ठेवले तर दुतोंडी मार्करचं वरचं टोक कोरडं पडतं.

डिजिटल चित्रं काढणाऱ्या मुलीसाठी ग्राफिक्स टॅब्लेट घेताना स्वस्त प्रकारांना स्वतःचा पडदा नसतो, हे लक्षात घ्या. हात खाली आणि नजर समोरच्या कॉम्प्युटरवर ठेवायची सवय लागायला एक-दोन आठवडे जातात. ही गोष्ट भेटीसोबतच्या चिठ्ठीत लिहा, नाहीतर पहिल्याच दिवशी "मला जमत नाही" होतं. घरात तिला वापरता येईल असा कॉम्प्युटर नसेल, तर तो टॅब्लेट फोनला जोडता येतो का ते आधी तपासा. पेन किती दाबला हे ओळखणाऱ्या हजारो पातळ्यांच्या जाहिरातीकडे दुर्लक्ष करा, सुरुवातीच्या कामात तो फरक जाणवत नाही.

क्रोशा, भरतकाम, मण्यांचं काम: यातलं काय लवकर जमतं?

मण्यांचं काम सगळ्यात लवकर. ०.८ मिलिमीटर जाडीची इलॅस्टिक दोरी, ६ ते ८ मिलिमीटरचे मणी आणि छोटी कात्री द्या. १५ सेंटिमीटर मनगटाच्या ब्रेसलेटला ८ मिलिमीटरचे साधारण २० ते २१ मणी लागतात. दोरी ओवण्याआधी दोन-तीनदा ताणून घ्यावी लागते. तसं न केल्यास ब्रेसलेट दोन दिवसांत सैल होतं आणि मण्यांमधून दोरी दिसू लागते. साधी गाठ सुटते, म्हणून गाठीचा पहिला वेढा दोनदा घ्यायचा, आवळून त्यावर गोंदाचा थेंब टाकायचा आणि गाठ शेजारच्या मण्यात सरकवायची.

भरतकामासाठी १५ सेंटिमीटरची रिंग, साधारण २५ सेंटिमीटर चौरसाचे न ताणणारे सुती कापडाचे तीन-चार तुकडे, लांबट नेढ्याच्या सुया आणि आठ-दहा रंगांच्या लडी. भरतकामाचा दोरा सहा पदरी असतो, त्यातले दोन किंवा तीन पदर सुटे करून वापरायचे. एका वेळी ४५ सेंटिमीटरपेक्षा लांब दोरा ओवला की गुंता ठरलेला.

क्रोशात पहिल्याच दिवशी गोंडस प्राणी विणायला देणारे किट फसवे असतात. त्यांची सुरुवातीची वर्तुळाकार वीण हीच नवख्यांना सगळ्यात अवघड जाते. ५ मिलिमीटरची, मऊ मुठीची सुई आणि मध्यम जाडीची, गुळगुळीत, फिक्या रंगाची लोकर द्या. काळ्या किंवा केसाळ लोकरीत टाके दिसतच नाहीत, मग चुकलं कुठे ते शोधता येत नाही आणि उसवताही येत नाही.

एखादं वाद्य द्यायचं म्हणतोय. काय द्यावं?

तिने स्वतः विषय काढला असेल तरच द्या. मोठ्यांच्या हौसेने आलेलं वाद्य कोपऱ्यात उभं राहतं.

नव्याने शिकणाऱ्या मुलीला युकुलेली सोपी जाते: चारच तारा, त्याही नायलॉनच्या, बोटं फार दुखत नाहीत. या वयाला साधारण २३ इंची कॉन्सर्ट आकार हाताला बसतो, २१ इंची सोप्रानोवर बोटांची दाटी होते. क्लिपचा ट्यूनर आणि पिशवी सोबत हवीच. नव्या नायलॉनच्या तारा पहिला आठवडा-दोन आठवडे ताणत राहतात आणि सूर सारखा उतरतो. वाद्य खराब नाही, रोज जुळवत राहायचं, एवढं तिला सांगून ठेवा. गिटारच हवी असेल तर धातूच्या तारांची घेण्याआधी ती तिला हातात धरून पाहू द्या. डावखुरी मुलगी असेल तर गिटार, कात्री, पेन यांत तिच्या हाताचा विचार करा, अशी भेट तिला सहसा कोणी देत नाही.

हेडफोन घेताना काय पाहायचं?

तिची श्रवणशक्ती. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या मानकात मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल आणि मुलांसाठी ४० तास ७५ डेसिबल ही मर्यादा धरली आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला की ऐकण्याचा सुरक्षित वेळ निम्मा होतो. "मुलांसाठी" म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच हेडफोनवर ८५ डेसिबलची मर्यादा असते. ती काही न असण्यापेक्षा बरी, पण दिवसभर कानात घालून बसावं इतकी निर्धास्त नाही.

कानावर पूर्ण बसणारा, मऊ उशीचा हेडफोन घ्या. बाहेरचा आवाज जितका कमी आत येतो तितका गाण्याचा आवाज कमी ठेवावासा वाटतो, म्हणून आवाज रोखणारी सोय खरोखर उपयोगाची आहे. उशा बदलून मिळतात का ते विचारा, सगळ्यात आधी त्याच फाटतात. डोक्यावरची पट्टी किमान सेटिंगवर तिच्या डोक्याला सैल होत नाही ना, तेही पाहा. फोनमध्ये आवाजाची कमाल मर्यादा लावण्याची सोय असते. ती तिच्यासोबत बसून लावा, तिच्या पाठीमागे लावू नका.

रस्त्याने सायकल चालवताना मात्र कुठलाच हेडफोन नको.

कानातलं द्यायचं आहे. टोचलेत की नाही हेच माहीत नाही.

मग आधी विचारा. "दाबून बसणारं" कानातलं हा पर्याय चांगला वाटतो, पण ते तासाभरात दुखू लागतं आणि ड्रॉवरमध्ये जातं.

टोचलेले असतील तर धातू पाहा. निकेलची ॲलर्जी ही दागिन्यांमुळे होणारी सगळ्यात सामान्य त्वचेची तक्रार आहे आणि एकदा जडली की बहुधा आयुष्यभर राहते. कानाची पाळी लाल होते, खाज सुटते, पाणी येतं. युरोपियन संघात टोचलेल्या जागी घालायच्या भागातून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये असा नियम आहे. "सर्जिकल स्टील" ऐकायला निर्धोक वाटतं, पण नेहमीच्या ३१६एल स्टीलमध्ये सुमारे १० ते १४ टक्के निकेल असतं. ते घट्ट बांधलेलं असल्याने बहुतेकांना त्रास होत नाही, पण जिला आधीच त्रास आहे तिच्यासाठी टायटॅनियम, नायोबियम किंवा १४ कॅरटपेक्षा वरचं सोनं घ्या. ९२५ चांदी (९२.५ टक्के शुद्ध) जखम भरून आलेल्या छिद्रांना चालते. नव्याने टोचलेल्या कानांना ती नको. कानाच्या पाळीच्या छिद्राची जखम भरायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर टोचताना घातलेलंच राहू द्यावं.

लोंबत्या कानातल्यांपेक्षा छोटे खडे किंवा बारीक रिंगा रोज वापरात येतात, खेळताना अडकत नाहीत. फिरकीच्या दोन जादा जोड्या पाकिटात टाका. हरवते ती फिरकीच.

ब्रेसलेटला मनगटाचं माप अधिक दीड ते दोन सेंटिमीटर. साखळी ४० ते ४५ सेंटिमीटरची, मागे वाढवता येणारी कडी असलेली. अंगठी सहसा नको, या वयात बोटं वर्षभरात बदलतात. मोहच झाला तर उघड्या टोकांची, कमी-जास्त करता येणारी घ्या.

स्किनकेअर आणि मेकअप देणं योग्य आहे का?

तिने मागितलं असेल आणि घरच्यांची हरकत नसेल तर हो, पण मोजकं. या वयाच्या त्वचेला सौम्य फेसवॉश, हलकं मॉइश्चरायझर आणि एसपीएफ ३० किंवा त्याहून वरचं सनस्क्रीन यापलीकडे काही लागत नाही. रेटिनॉल आणि त्वचेचा थर उतरवणारी ग्लायकोलिक, लॅक्टिक यांसारखी ॲसिडं असलेली सुरकुत्यांसाठीची उत्पादनं देऊ नका. अशा मुलीला त्यांचा फायदा शून्य, आणि जळजळ, सोलवटणं, उन्हाला हळवी होणारी त्वचा हे तोटे खरे. सुंदर बाटली आणि व्हिडिओंमधली चर्चा पाहून मुली हेच मागतात, म्हणून घटकांची यादी तुम्ही वाचा. मुरुमं असतील तर त्यावरचं काहीही भेट म्हणून देऊ नका. ती वाढदिवसाला उघडायची गोष्ट नव्हे.

सुगंधविरहित घ्या. उघड्या डबीच्या चिन्हात "१२एम" लिहिलेलं असेल तर उघडल्यापासून बारा महिने चालतं. पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून एक-दोन दिवस वाट पाहायला सांगा. मेकअपमध्ये लिप बाम, हलका लिप टिंट, नेलपॉलिश ही सुरक्षित सुरुवात. लिपस्टिक आणि काजळ मैत्रिणींनी आपसात वापरायचं नसतं, हे सांगणारं माणूस तुम्हीच असाल तर उत्तम.

कपडे किंवा बूट देऊ का?

मुलींची उंची वाढण्याचा सगळ्यात वेगवान काळ साधारण अकरा-बाराव्या वर्षी असतो आणि पाय त्याच्याही आधी वाढतात. दोन महिन्यांपूर्वीचं माप आज खरं असेलच असं नाही. शिवाय अंगाचा आकार बदलत असताना कपड्याचं माप हा नाजूक विषय होतो. लहान आलं तर तिला आपण जाड वाटतो, मोठं आलं तर "मी एवढी दिसते का?" असा प्रश्न पडतो.

म्हणून माप लागत नाही असं घ्या: सैलसर हुडी, स्टोल, टोपी, मजेदार मोजे, पाठीवरची सॅक. अंगाबरोबरचे कपडे, आतले कपडे आणि जीन्स टाळा. बूट द्यायचेच असतील तर तिच्यासोबत जाऊन, संध्याकाळी, दोन्ही पाय मोजून घ्या. मोठ्या पायाच्या लांब बोटापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा हवी. बिलाची प्रत पाकिटातच ठेवा.

पुस्तक दिलं तर कंटाळवाणं वाटेल का?

वाचणाऱ्या मुलीला नाही. तिने शेवटचं आवडीने संपवलेलं पुस्तक कुठलं ते विचारा आणि त्याच जातीचं घ्या. मालिका असेल तर तिच्याकडे कितवा भाग आहे ते नक्की करा. "वाचायला लागावी" म्हणून न वाचणाऱ्या मुलीला पुस्तक देऊ नका, तिला चित्रकथा किंवा तिच्या छंदाचं सचित्र पुस्तक द्या. उपदेशाची पुस्तकं नकोत.

डायरी जवळपास प्रत्येकीला चालते. पूर्ण सपाट उघडणारी बांधणी आणि किमान १०० जीएसएम कागद पाहा. मार्कर वापरणार असेल तर १२० ते १६०. ठिपक्यांच्या पानांत ५ मिलिमीटर अंतर सोयीचं. आणि भेट देणाऱ्याने ती डायरी नंतर कधीही उघडून पाहायची नाही.

झटपट फोटो छापणारा कॅमेरा चांगला का?

मैत्रिणींचा गोतावळा असलेल्या मुलीला फार आवडतो, पण खर्च फिल्मचा आहे. इन्स्टॅक्स मिनीच्या एका पॅकमध्ये १० फोटो असतात. वाढदिवसाच्या दिवशी ते तासाभरात संपतात. किमान तीन पॅक द्या. फोटो उमटायला साधारण दीड मिनिट लागतं, हलवून तो लवकर येत नाही. सगळ्यात मोठा घोटाळा म्हणजे उत्सुकतेने मागचं दार उघडणं: प्रकाश शिरतो आणि उरलेली फिल्म पांढरी होते. हे दारावर चिठ्ठी चिकटवूनच सांगा. फिल्मची मुदत खोक्यावर पाहा, आणि फ्रिजमधून काढली असेल तर खोलीच्या तापमानाला आल्यावर भरा.

तिला आकाश पाहायची आवड आहे. टेलिस्कोप घेऊ?

"५२५ पट मोठं दिसतं" असं खोक्यावर असेल तर तो ठेवून द्या. उपयोगी मोठेपणाची कमाल मर्यादा भिंगाच्या व्यासाच्या मिलिमीटरमधल्या आकड्याच्या साधारण दुप्पट असते. म्हणजे ६० मिलिमीटरच्या भिंगाला १२० पट, त्यापुढे धूसर. डुगडुगणारा तिपाई स्टँड हा दुसरा शत्रू. तारा दिसतो आणि हात लागताच निघून जातो. टेबलावर ठेवायचा, ११४ किंवा १३० मिलिमीटर आरशाचा डॉब्सोनियन (साध्या, स्थिर बैठकीवर फिरणारा आरशाचा टेलिस्कोप) परवडत असेल तर तो घ्या. नाहीतर ८×४२ किंवा १०×५० ची द्विनेत्री (दोन डोळ्यांनी पाहायची दुर्बीण; पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास) द्या. भिंतीला टेकवून धरली तर चंद्रावरची विवरं आणि गुरूचे चार मोठे चंद्र दिसतात. सूर्याकडे कधीच रोखायची नाही. एका क्षणात डोळा कायमचा जाऊ शकतो, हे तोंडीही सांगा आणि लिहूनही द्या.

खोली सजवायला दिवे दिले तर?

छान. पिवळसर उबदार प्रकाशासाठी २७०० ते ३००० केल्विन पाहा. चिकटवायची एलईडी पट्टी असेल तर भिंत आधी पुसून पूर्ण कोरडी हवी. धुळीवर लावलेली पट्टी दोन दिवसांत लोंबते आणि काढताना रंगाचे पापुद्रे निघतात. घर भाड्याचं असेल तर क्लिपवर लटकणारी माळ घ्या.

फोन किंवा स्मार्टवॉच?

हा निर्णय आईवडिलांचाच. काका, आत्या, मावशी यांनी आधी न विचारता कॅमेरा किंवा सिम असलेलं काहीही देऊ नये. बहुतेक मोठ्या सोशल मीडिया सेवांच्या नियमांत किमान वय १३ आहे आणि काही ठिकाणी कायद्याने त्याहून जास्त. कॅलरी मोजणारा बँडही नको.

सरळ पैसे किंवा गिफ्ट कार्ड दिलं तर कोरडं वाटतं का?

तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला स्वतः निवडण्याचा आनंद वस्तूपेक्षा मोठा असू शकतो. कोरडं वाटतं ते नुसतं पाकीट हातात ठेवल्याने. सोबत एक लहान, हाताळता येईल अशी वस्तू द्या आणि दोन ओळी स्वतःच्या हाताने लिहा. कार्ड घेण्याआधी तीन गोष्टी विचारा: मुदत किती, रक्कम तुकड्यातुकड्यांनी वापरता येते का, आणि तिच्या वयाच्या ग्राहकाला ते स्वतः वापरता येतं की मोठ्यांचं खातं लागतं. एकाच दुकानाचं कार्ड असेल तर तिथे ती रक्कम पुरेल असं काहीतरी मिळतं ना, तेही पाहा.

सहल, कार्यशाळा, कार्यक्रमाचं तिकीट अशा भेटीत तारीख लिहून द्या. "कधीतरी जाऊ" असं कूपन बहुधा तसंच राहतं. आणि तिकिटं दोन घ्या, दुसऱ्यावर कोणाला न्यायचं ते तिला ठरवू द्या.

मुलीच्या वर्गातल्या मैत्रिणीसाठी घ्यायचं आहे, फारशी ओळख नाही.

तुमच्या मुलीला निवडू द्या, तुम्ही फक्त रकमेची मर्यादा सांगा. बाकी मुली देतात त्यापेक्षा फार भारी भेट दिली तर वाढदिवस असलेल्या मुलीला अवघडल्यासारखं होतं. चांगली जेल पेनं आणि वही, चार ते सहा जणींना अर्ध्या तासात खेळता येईल असा पत्त्यांचा खेळ, ५०० तुकड्यांचं कोडं. १००० तुकड्यांच्या कोड्याला साधारण ७० × ५० सेंटिमीटर मोकळं टेबल काही दिवस अडवून ठेवावं लागतं, ते सगळ्यांच्या घरी नसतं.

काय अजिबात देऊ नये?

वजनकाटा, दुर्गंधीनाशक, गाइड आणि सरावसंच, "आता मोठी झालीस" म्हणून घरकामाची वस्तू. अशी प्रत्येक भेट तिच्यात काय कमी आहे ते सांगते. घरच्यांशी बोलल्याशिवाय पाळीव प्राणी नको. मासिक पाळीसंबंधी वस्तू उपयोगी असल्या तरी वाढदिवशी चारचौघांत नकोत, आईने किंवा जवळच्या बाईने एरवी निवांत द्याव्यात.

घरात लहान भावंड असेल तर दोन गोष्टींची खास काळजी घ्या. बटणासारखा सेल गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, म्हणून सेलचं झाकण स्क्रूने बंद होणारं हवं. छोट्या शक्तिशाली चुंबकी गोळ्यांचे संच तर आणूच नका. एकाहून अधिक गिळले गेले की ते आतड्याच्या भिंतीतून एकमेकांना ओढतात आणि भोक पाडतात.

खरेदी कधी करावी आणि कागद किती लागतो?

तीन आठवडे आधी. नाव कोरायचं असेल तर चार, आणि स्पेलिंग तिच्या वहीवरून उतरवून घ्या. नाव घातलेली वस्तू परत घेत नाहीत.

कागदाची लांबी म्हणजे खोक्याचा घेर अधिक ३ सेंटिमीटर, रुंदी म्हणजे खोक्याची लांबी अधिक उंचीच्या दीडपट. २० × १५ × ६ सेंटिमीटरच्या खोक्याला ४५ × २९ सेंटिमीटर कागद पुरतो. रुंदी जास्त ठेवली की टोकांना जाड गठ्ठा होतो आणि चिकटपट्टी सुटते. किंमतीचं लेबल उपटण्याआधी हेअर ड्रायरने अर्धा मिनिट गरम करा, मागे चिकटा राहत नाही.

तिला आवडली नाही असं दिसलं तर?

चेहऱ्यावरून लगेच ठरवू नका. या वयाच्या बऱ्याच मुली सगळ्यांसमोर भेट उघडताना लाजून गप्प होतात. आठवडाभराने एकदाच, सहज विचारा: "बदलून हवी का? बिल पाकिटात आहे." बदलायचा निर्णय तिचा, आणि बदल्यात काय घेतलं हे सांगायचं की नाही तेही तिचंच. बदलण्याची मुदत संपायच्या आत हे विचारून घ्या.